माप कुठलंही चालंल, पण शीग दिसायला पाहिजे

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका सरांनी लिहिलं होतं की देशात मेट्रिक पद्धत येऊन साठ वर्षं उलटून गेली तरी आपली माणसं अजून तोळा, गुंठा, फूट, इंच असल्या जुन्यापुराण्या मापात बोलतात आणि निदान पेपरवाल्यांनी तरी आता हे बंद करावं. पत्र चांगलं होतं, सरांची भाषापण छान, पण वाचल्यावर मला काय गप बसवंना म्हणून दुकान बंद करून मोबाईलवरच हे टाईप करतोय, शुद्धलेखनाचं तुम्ही बघून घ्या. माझं सांगलीत हार्डवेअरचं दुकान आहे, वडिलांनी काढलेलं. म्हणजे मापं हाच आमचा धंदा म्हणा की, दिवसभर मोजून घ्यायचं आणि मोजून द्यायचं.

सकाळी शटर वर केलं की पहिले येतात ते मिस्त्री लोक. "काका, तीन सूतचे दोन बंडल आणि अडीच सूतचं एक, टाका टेम्पोत." आता सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन सूत झाले साडेनऊ एमएम, मी देतो ती सळई १० एमएमची, बिलावर पण १० एमएमच लिहितो, आणि मिस्त्री साईटवर जाऊन तिला परत तीन सूतच म्हणणार. ८ ची अडीच सूत, १२ ची चार सूत, १६ ची पाच सूत. चार सूत खरं म्हणजे अर्धा इंच, १२.७ एमएम होतात, पण या पाऊण एमएमवरून इतक्या वर्षांत एकही मिस्त्री माझ्याशी भांडला नाही, कारण सळई जाते वजनावर आणि वजन काट्यावर दोघांनाही दिसतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

नळाच्या पाईपचं तर अजून भारी. अर्धा इंची जीआय पाईप, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, म्हणतो ना आपण, त्याला व्हर्नियर लावून बघा, बाहेरून २१.३ एमएम भरतो आणि आतून सोळाच्या आसपास. अर्धा इंच त्यात कुठंच नाही. कागदावर त्याला १५ एमएम म्हणायचं, ते पण त्यात कुठं नाही. म्हणजे ते माप नाहीच, ते नाव आहे, जसं आमच्या गल्लीत एका सहा फुटी माणसाला सगळे बारक्या म्हणतात.

शेतकरी गिऱ्हाईक आलं की म्हणणार, "अडीच इंची सहा केजी द्या वीस नग." म्हणजे ७५ एमएमचा पीव्हीसी पाईप, सहा किलो दाबाचा. ६३ ला दोन इंची, ९० ला तीन इंची, ११० ला चार इंची. पण गंमत बघा, हाच माणूस त्याच मिनिटाला ठिबकचं सामान मागताना काय म्हणतो? "सोळा एमएमची लॅटरल आणि चार लिटरचे ड्रिपर." तिथं इंच नाही, सूत नाही, काही नाही. का? कारण ठिबक आपल्याकडं आलं तेच मुळात एमएममध्ये आणि लिटरमध्ये, त्याच्याआधी त्याला दुसरं कुठलं नावच नव्हतं. प्लायवूड घ्यायला येणारा सुतार एका दमात म्हणतो "आठ बाय चार, अठरा एमएम", लांबी रुंदी फुटात आणि जाडी एमएमात, आणि त्याच्या डोक्यात कसला गोंधळ नसतो. तेव्हा सरांना मला एवढंच सांगायचंय की हे मागासलेपण नाही हो. जी वस्तू ज्या मापाचा हात धरून घरात आली ती त्याच मापात राहिली, एवढं सरळ आहे ते.

घरात बघा की. टीव्ही इंचात. कायदा आहे वजनमापांचा, २००९ चा, २०११ पासून लागू, त्यामुळं खोक्यावर बिचारे ८० सेंटीमीटर, १०८ सेंटीमीटर असं छापतात, पण १०८ सेंटीमीटरचा टीव्ही द्या म्हणणारा माणूस मी अजून बघितलेला नाही, सगळे त्रेचाळीस इंचीच मागतात. हवेचं तापमान सेल्सिअसमध्ये, सांगलीत चाळीस झालं म्हणलं की डोक्याला रुमाल बांधायचा हे पोराला पण कळतं, आणि त्याच पोराला ताप आला की एकशे दोन. एकाच घरात, एकाच दिवशी, उष्णतेची दोन मापं, आणि डॉक्टरसुद्धा आईला "शंभरच्या वर गेला तर गोळी द्या" असंच सांगतात. ते ९८.६ म्हणतो ना आपण, ते जर्मनीच्या वुंडरलिश नावाच्या डॉक्टरांनी १८६८ साली सांगितलेल्या ३७ सेल्सिअसचं फॅरनहाईट. म्हणजे मूळ आकडा सरळ गोल सदतीस, त्याचं भाषांतर करताना तो पॉईंट सहा चिकटला, आणि आपण घरात पॉईंट सहा का पॉईंट नऊ यावरून चिंता करत बसतो.

सोन्याचा तोळा खरा ११.६६ ग्रॅमचा, आता सराफ आणि गिऱ्हाईक दोघंही दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, नाव जुनं आत माल नवीन. जमिनीचं मात्र जरा जपून. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर असतो आर, म्हणजे १०० चौरस मीटर, आणि बोलताना आपण दोन्ही एकच धरतो. एका गुंठ्याला फरक फक्त सव्वा चौरस मीटरच्या आतला, पण चाळीस गुंठ्याला तो ४७ चौरस मीटरपर्यंत जातो, म्हणजे पाचशे चौरस फुटांच्या वर. शेतात ठीक आहे, बांधाला खपून जातं, पण प्लॉटच्या भावात पाचशे फूट म्हणजे काय ते तुम्हीच हिशोब करा. इथं सरांचं म्हणणं मला पटतं, खरेदीखताला बसताना गुंठा घरी ठेवून जावं.

आणि दुसरी एक गोष्ट जिथं आपली सगळ्यांचीच फसगत होते ती म्हणजे मधला पॉईंट. माझ्या मेव्हण्यांनी मुलीसाठी स्थळं बघायला चालू केली, दहा-वीस बायोडेटा आले, भाच्यानं हौसेनं सगळे एक्सेलमध्ये भरले, नाव, शिक्षण, पगार, उंची. एक मुलगा चांगला, नोकरी चांगली, घरचं बरं, पण मेव्हणे म्हणाले उंची कमी आहे, पाच फूट एक इंच, मुलगी पाच पाच आहे, नको. दोन आठवडे ते स्थळ बाजूला पडलं. नंतर कुणीतरी मूळ कागद बघितला तर तिथं ५.१० लिहिलेलं, पाच फूट दहा इंच! एक्सेलनं शेवटचा शून्य बिनकामाचा समजून खाऊन टाकला आणि मुलाची नऊ इंच उंची गेली. मशीनची चूक नाही त्यात, त्याला कोण सांगणार की हा पॉईंट दशांशाचा नाही, याच्या मागं बारा बसलेत. एक एकर वीस गुंठे लिहिताना आम्ही १.२० लिहितो आणि मनात दीड एकर वाचतो, तिथं पॉईंटच्या मागं चाळीस बसलेत. क्रिकेटमध्ये १९.४ ओव्हर म्हणलं की कुणी पोरगं पण सांगतं दोन बॉल राहिले, तिथं सहा बसलेत. आपल्या डोक्याला हे आपोआप कळतं, कॉम्प्युटरला कळत नाही. (स्थळाचं पुढं काय झालं विचारू नका, तोवर त्या मुलाचं जमलं होतं.)

माझे वडील पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे सगळे पाढे तोंडपाठ म्हणायचे, औट म्हणजे साडेतीन. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून किलो आले, तेव्हा दुकानात सहा महिने नुसती बोंबाबोंब होती असं ते सांगायचे, चौसष्ट पैशांचा रुपया शंभराचा झाला आणि जुन्या आण्याचे सहा पैसे धरायचे का सव्वासहा यावरून रोज वाद. पण माणसं शिकली. आणि शिकून सुद्धा सव्वा, दीड, पावणे काही सोडलं नाही. परवा मी मोबाईलला सांगितलं, पावणेसहाला उठव, तर त्यानं सहाचा गजर लावला. पावणे त्याला कळलंच नाही, त्यानं नुसतं सहा ऐकलं. माझी कोल्हापूरची गाडी चुकता चुकता राहिली.

बरं, हे सगळं सांगितलं ते जुन्या मापांचं कौतुक करायला नाही. मला खरं बोलायचंय ते शीग या विषयावर.

माझं आजोळ तासगाव तालुक्यातलं. लहानपणी सुट्टीला गेलो की आजी पायलीनं जोंधळा मोजताना बघायला मिळायचं. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली, सोळा पायल्या एक मण. पहिली पायली ओतताना ती एक म्हणायची नाही, "लाभ" म्हणायची, मग दोन, तीन. आणि पायली भरली की वर दाण्यांचा ढीग चढवायचा, आणखी एक दाणा टाकला तर घसरंल इथपर्यंत. त्या ढिगाला शीग म्हणतात. आपण उत्साह शिगेला पोचला म्हणतो ना, ती शीग हीच. आता ती पायली लिटरात किती, शीग धरून किती, सपाट किती, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि प्रत्येक गावची थोडी वेगळी असणार. पण देणारा आणि घेणारा दोघं समोर बसलेले असायचे आणि शीग दोघांना दिसायची. घेणाऱ्याला कमी वाटली तर तो म्हणायचा, "काकी, जरा चढवा की." विषय संपला.

किलो आला, काटा आला, तरी ही गोष्ट गेली नाही. काटा मारायचे धंदे सगळ्यांना ठाऊक म्हणून तर पासंग बघायची सवय लागली आपल्याला, भाजीवालीकडं रिकामी पारडी आधी बघून घ्यायची. आमच्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याला वैधमापन खात्याचा दरवर्षी शिक्का लागतो. पेट्रोलपंपावर पाच लिटरचं माप ठेवावं लागतं, शंका आली तर कुठलाही गिऱ्हाईक म्हणू शकतो मापून दाखवा. आमच्या भागात उसाच्या काटामारीवरून किती आंदोलनं झाली ते तुमच्याच पेपरात वर्षानुवर्षं येतंय, शेतकऱ्याचं साखर कारखान्याला म्हणणं एवढंच असतं की बाबा मला बाहेरच्या काट्यावर वजन करून आणू दे आणि तुझ्या काट्याशी ताडून बघू दे. टन वाईट, क्विंटल चांगला, असं कुणी म्हणत नाही. भांडण मापाचं नसतंच कधी, काटा कुणाच्या हातात आहे याचं असतं.

आता मला सांगा, मोबाईलच्या जगात शीग कुठं बघायची?

दुकानाची बिलं साठवायला ६४ जीबीचा पेन ड्राईव्ह आणला. कॉम्प्युटरला लावला तर ५९.६ दाखवतोय. मला वाटलं डुप्लिकेट माल दिला, परत घेऊन गेलो. दुकानातलं पोरगं हसायला लागलं, म्हणलं काका सगळेच असे असतात. घरी भाच्यानं समजावलं, बनवणारा एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाईट धरतो आणि कॉम्प्युटर १०२४ चा गुणाकार तीनदा करून मोजतो, म्हणून एक टीबीची डिस्क ९३१ दिसते. दोघंही खरं बोलतात म्हणे. म्हणजे विकणारा सपाट पायलीनं विकतो आणि मोजणारा शिगेनं मोजतो, आणि शब्द दोघांचा एकच, जीबी! या दुसऱ्या मापाला वेगळं नाव पण १९९८ सालीच देऊन ठेवलंय म्हणे, गिबीबाईट, पण तो शब्द दुकानात कधी ऐकलाय का कुणी? मी सळईला तीन सूत म्हणतो तेव्हा निदान बिलावर १० एमएम लिहून तरी देतो.

पॉवर बँकचं तसंच. खोक्यावर मोठ्या अक्षरात १०००० एमएएच. मोबाईलची बॅटरी ५००० ची. तिसरीतल्या पोराला विचारलं तरी सांगंल दोनदा फुल होणार. होत नाही, दीड वेळा झाला तरी नशीब समजायचं. कारण तो दहा हजाराचा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा, बाहेर करंट येतो ५ व्होल्टनं, त्या हिशोबानं ७४०० च उरतात आणि त्यातलं पण काही गरम होण्यात जातं. खरं माप वॅट-अवर, ते मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात, ३७ वॅट-अवर. विमानात चढताना मात्र तेच मुंगीचं अक्षर बघतात, शंभर वॅट-अवरपर्यंत चालतं. म्हणजे ज्याला खरंच फरक पडतो तो बरोबर मापात बघतो, आणि गिऱ्हाईकाला दाखवायला मोठा आकडा.

इंटरनेट १०० एमबीपीएस. मी आपला समजत होतो की १०० एमबीचा पिक्चर एका सेकंदात उतरणार. तिथं बी बारका असतो, बारका बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाईट, आणि आठ बारक्यांचा एक मोठा, म्हणजे सगळं सुरळीत असलं तर सेकंदाला साडेबारा. त्यात पुढं "अप टू" लिहिलेलं. मराठीत लिहिताना तर दोन्हीला एमबीच म्हणतात, बारका मोठा काहीच कळत नाही. मी जर गिऱ्हाईकाला म्हणलो की वायरचं बंडल "९० मीटरपर्यंत" आहे, आत किती निघंल ते तुमचं नशीब, तर तो माझ्या दुकानासमोर उभा राहून काय काय बोलंल ते तुम्हाला छापता येणार नाही.

एसीचा टन हा अजून एक. एका गिऱ्हाईकानं मला खरंच विचारलं होतं, दीड टन वजन आमच्या भिंतीला पेलंल का म्हणून. मी हसलो नाही कारण मला पण तेव्हा माहीत नव्हतं. तो टन बर्फाचा आहे, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी ओढायची ताकद, आजच्या हिशोबात साडेतीन किलोवॅटच्या आसपास. बर्फाच्या लाद्या कधीच गेल्या, टन राहिला. आणि बल्बचा वॅट म्हणजे तर तो किती वीज खातो त्याचं माप, उजेडाचं नाही, उजेडाचं माप ल्युमेन, ते खोक्यावर असतं, कुणी बघत नाही. माणूस किती जेवतो यावरून तो किती काम करतो ठरवल्यासारखं झालं ते. झिरोचा बल्ब म्हणायचो आपण, तो चांगला १५ वॅट खायचा रात्रभर.

आता शेवटचं, घड्याळ. पोरीनं पुण्याहून मला आणि हिला एकेक स्मार्ट वॉच पाठवलं. त्यात रोज दहा हजार पावलं करायची असतात. नऊ हजारावर झोपलो तर घड्याळ नाराज. मी विचारलं, हे दहा हजारच का, हे कुणी डॉक्टरनं ठरवलं का? तर तसं काही नाही. १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच मानपोकेई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर, आकडा गोल होता, लक्षात राहायला सोपा, तो जगभर झाला. नंतर अमेरिकेत वयस्कर बायकांवर अभ्यास झाला, २०१९ ला आला, त्यात फायदा साडेसात हजारांच्या आसपासच थांबलेला दिसला. पण घड्याळाला ते कोण सांगणार.

आणि मोजतं तरी काय? हिनं पाहुण्यांसाठी पंचवीस-तीस चपात्या लाटल्या तर चपात्या होईपर्यंत पावलं वाढलेली, बाई ओट्यापासून हललेली नाही. मग मला खोड आली. आमच्याकडं सिमेंटची गाडी आली होती, मी आमच्या हमालाच्या मनगटाला माझं घड्याळ बांधलं. पन्नास किलोचं पोतं पाठीवर, दोन्ही हात वर करून पोत्याचे कान धरलेले, गाडीपासून गोडाऊनपर्यंत शंभरावर खेपा. घामानं नुसता भिजलेला माणूस. गाडी रिकामी झाल्यावर घड्याळ बघितलं तर मी गल्ल्यावर बसून दुपारपर्यंत जेवढी पावलं करतो त्यापेक्षा फार काही जास्त नाही. हात हलत नव्हते ना त्याचे. वर मेसेज, उठा, थोडं चाला! तो म्हणला, "मालक, हे तुमालाच ऱ्हाऊ द्या." एवढा हसलो आम्ही. पण संध्याकाळी घरी येऊन विचार केला की या घड्याळावरच विम्याचा हप्ता नाहीतर कामाचा पगार ठरायला लागला तर काटा कुणाच्या हातात असंल? पोरगी म्हणते बाबा तुम्ही फार विचार करता. असंल.

झोपेला पण मार्क देतं ते. परवा मला ७४ मिळाले. कशातले ७४, कुणी तपासले, पेपर बघायला मिळंल का, काही नाही.

याच्या उलट हिच्या स्वयंपाकघरातली वाटी बघा. एक वाटी रवा, पाऊण वाटी साखर, तीन वाट्या पाणी-दूध. पोरगी व्हिडिओ बघून विचारते, आई वाटी म्हणजे किती एमएल? ही म्हणते, कुठलीही घे, पण सगळ्याला एकच घे. हे मला फार आवडलं. आमचा मिस्त्री पण तेच करतो, एकास चार, एकास सहा, घमेल्यानं. घमेलं केवढं याला महत्त्व नाही, सिमेंट आणि वाळू एकाच घमेल्यानं मोजलं की झालं. (पाणी मात्र अंदाजानं ओततात आणि तिथंच स्लॅबची वाट लागते, पण तो वेगळा विषय आहे.) वाटी काय, घमेलं काय, माप ज्याच्या हातात त्याच्याच डोळ्यासमोर.

आता संपादक साहेब, तुमच्या पेपरकडं येतो, कारण पत्र तुम्हाला आहे. पावसाळ्यात तुमच्या पहिल्या पानावर एकाच नदीची बातमी चार मापात असते. पाऊस मिलिमीटरमध्ये, कोयना धरणाचा साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटात, विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, आणि आपल्या आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी फूट-इंचात. त्यात खालचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण आलं की पाचवं माप, मीटर, ५१९.६० का ५२४.२५६. सरांना हा गोंधळ वाटतो. सांगलीच्या माणसाला वाटत नाही. कोयना १०५ टीएमसीची हे रिक्षावाल्यापासून सगळ्यांना माहीत, ९५ म्हणलं की जागा किती उरली ते लगेच कळतं. क्युसेकचा आणि टीएमसीचा मेळ लावायला एकच आकडा पाठ करावा लागतो, साडेअकरा हजार क्युसेक एक दिवसभर चाललं की एक टीएमसी, म्हणजे ५० हजाराचा विसर्ग दिवसभर राहिला तर चार टीएमसीच्या वर पाणी खाली आलं. तुम्ही बातमीत हे एक वाक्य रोज टाकलंत तर बरं होईल.

आणि फूट तर कृपा करून बदलू नका. आयर्विनला ४० इशारा, ४५ धोका. किती फुटाला सूर्यवंशी प्लॉट, किती फुटाला काकानगर, कुठल्या फुटाला कुणाच्या पायरीला पाणी लागतं हे इथल्या माणसाच्या अंगात बसलंय. २०१९ ला ५७ फुटांवर गेलं तेव्हा माझ्या गोडाऊनच्या पत्र्याला पाणी टेकलं होतं, तो पट्टा अजून भिंतीवर आहे, मी रंग देताना तेवढी रेघ सोडून देतो. केंद्रीय जल आयोग समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये पातळी देतं, ते त्यांच्या कामाला बरोबर असणार, पण रात्री दोन वाजता मला कुणी पाचशे चाळीस मीटर म्हणलं तर मी सिमेंट हलवू का झोपू?

फक्त एक करा. तुमच्या पेपरात पातळी ४३ फूट १० इंच अशी असते, ती आकड्यात छापताना ४३.१० होते, आणि तुमच्या वेबसाईटवरच्या आलेखात तीच ४३.१ होऊन येते. त्या मुलाच्या उंचीसारखंच. माझ्या गोडाऊनच्या उंबऱ्याला ४३ फुटाला पाणी लागतं आणि खालची फळी जमिनीपासून सहा इंचावर आहे. ४३.१ बघितलं तर मी म्हणणार इंचभर आलंय, सकाळी बघू. ४३ फूट १० इंच म्हणजे सिमेंटच्या पोत्यांचा खालचा सगळा थर भिजून दगड झालेला असतो. तेव्हा पॉईंट देऊ नका, फूट आणि इंच असं अक्षरात लिहा, जागा थोडी जास्त जाईल.

कळावे,
आपला एक वाचक, हार्डवेअर दुकानदार, सांगली